आलेले पक्षी, नेलेले पक्षी

ज्वारी हुरड्यात आली की निंबर्गा, आळंद, अक्कलकोट या पट्ट्यात भोरड्यांचे थवे दिसू लागतात. गुलाबी अंगाचा आणि काळ्या डोक्यापंखांचा हा पक्षी साळुंकीच्याच कुळातला. त्याची वीण पूर्व युरोपात आणि मध्य आशियात होते, आणि पावसाळा ओसरू लागला की तो हजारोंच्या संख्येने आपल्याकडे उतरतो. पिकात नाकतोडे असतील तर ते खातो, कणसात दाणा भरला असेल तर तोही खातो. म्हणून शेतकरी त्याला निम्मा मित्र मानतो आणि उरलेल्या निम्म्यासाठी गोफण फिरवतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी हे पाहुणे परत जातात.

भोरडी परमुलखातून येते म्हणून तिला परका पक्षी म्हणावे काय? पक्षिशास्त्र म्हणते, नाही. ती स्वतःच्या पंखांनी येते आणि पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या वाटेने येते. माणसाने ज्याला, जाणूनबुजून किंवा नकळत, त्याच्या मूळ प्रदेशाबाहेर नेऊन सोडले त्यालाच शास्त्र 'परका' म्हणते. 'आला' आणि 'आणला' या दोन शब्दांत एका अक्षराचा फरक आहे, पण सारा विषय त्या एका अक्षरात आहे. गुरांमागे फिरणारा गायबगळा आपण रोज पाहतो. त्याच्या आफ्रिकेतील भाईबंदांनी १८८० च्या सुमारास अटलांटिक महासागर ओलांडून दक्षिण अमेरिका गाठली आणि १९४० नंतर उत्तर अमेरिकेतही बस्तान बसवले. त्यांना कोणी पिंजऱ्यात घालून नेले नव्हते. तो त्यांनी आपण होऊन केलेला विस्तार होय. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र दुसरा आहे.

जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या तज्ज्ञांनी २००० साली जगातील सर्वांत उपद्रवी अशा १०० परक्या जीवांची यादी प्रसिद्ध केली. तीत उंदीर आहेत, शेवाळे आहेत, मुंग्या आहेत, आपल्या बांधावरची घाणेरीही आहे. पक्षी मात्र तीनच आहेत. एक युरोपातील स्टार्लिंग. दुसरी आपली साळुंकी, जिला कन्नडमध्ये गोरवंक म्हणतात. तिसरा लालबुड्या बुलबुल, म्हणजे कन्नडमधला पिकळार. वाचकांना आश्चर्य वाटेल, पण तिघांपैकी दोघे आपल्या परसातले आहेत! मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे मला हे आयात-निर्यातीच्या भाषेत सुचते. परक्या पक्ष्यांच्या जागतिक व्यवहारात आपण मुख्यतः निर्यातदार आहोत. माल आपला, गेला दुसऱ्यांच्या जहाजातून, आणि तोटा तिसऱ्याच्याच खात्यावर पडला. म्हणूनच की काय, आपल्याकडे या प्रश्नाची फारशी चर्चा होत नाही.

या व्यवहाराची एक फार जुनी नोंद मॉरिशसची आहे. अठराव्या शतकात हे बेट फ्रेंचांच्या ताब्यात होते आणि तेथील पिकांवर लाल टोळांच्या धाडी पडत. १७६२ साली हिंदुस्थानातून साळुंक्या तेथे नेण्यात आल्या. साळुंकी टोळ खाते हे इकडे सर्वांना ठाऊक होते. तेव्हा कीटकनाशके नव्हती, म्हणून पक्षीच पाठवला. या कल्पनेला आज हसण्याचे कारण नाही. २०२० साली टोळधाड विदर्भापर्यंत येऊन पोहोचली, तेव्हा बिदर-कलबुर्गीकडच्या शेतकऱ्यांचाही जीव टांगणीला लागला होता. त्या वेळी कोणी टोळ खाणारा पक्षी आणून देतो म्हटले असते तर आपणही तो नको म्हटला नसता.

शेजारच्या बूर्बाँ बेटाची, म्हणजे आजच्या रेयुनियाँची, हकीकत तर अधिकच बोधप्रद आहे. प्रसिद्ध फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ बुफाँ यांच्या पक्ष्यांवरील ग्रंथात ती सांगितलेली आहे. टोळांच्या बंदोबस्तासाठी साळुंक्या आणल्या आणि त्या वाढूही लागल्या. पुढे शेतकऱ्यांना त्या नुकत्याच पेरलेल्या रानात चोची मारताना दिसल्या. त्यांना वाटले, ही पाखरे बियाणे उकरून खातात. वास्तविक त्या मातीतल्या अळ्या शोधीत असाव्यात. पण तक्रार झाली, साळुंक्या दोषी ठरल्या आणि हा हा म्हणता बेटावरून त्यांचा नायनाट झाला. मग काय, टोळ पुन्हा माजले. तेव्हा काही वर्षांनी मोजक्या साळुंक्या पुन्हा आणाव्या लागल्या. या खेपेला त्यांना कायद्याचे संरक्षण मिळाले, आणि कोणी मारून खाऊ नयेत म्हणून त्यांचे मांस प्रकृतीला अपायकारक असते असे वैद्यांकडून जाहीर करविण्यात आले! टोळ हटले. पण टोळ संपल्यावर साळुंकीने उपाशी राहावे अशी अट कोणी घातली नव्हती. ती फळांकडे वळली, कॉफीच्या बोंडांकडे वळली, आणि जिला उपकारकर्ती म्हणून आणले तीच पुढे उपद्रव ठरली.

या हकीकतीतला एक दुवा मराठी वाचकाला जवळचा वाटेल. १८३४ पासून मॉरिशसला हिंदुस्थानातून गिरमिटिया मजूर जाऊ लागले. मुंबई बंदरातून गेलेली मराठी कुटुंबेही त्यांत होती. आज त्यांचे वंशज तेथे मराठी शिकतात, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. ही माणसे उसाच्या मळ्यात उतरली तेव्हा गावाकडची साळुंकी तेथे आधीच सत्तर वर्षे नांदत होती. त्या अनोळखी बेटावर एक ओळखीचा आवाज ऐकून कोणाला काय वाटले असेल, याची नोंद इतिहास ठेवीत नाही. शिपाई बुलबुल मात्र मागाहून गेला. पिंजऱ्यातला हा हौसेचा पक्षी १८९२ च्या मोठ्या चक्रीवादळात सुटला आणि बेटभर पसरला, असे सांगतात.

एकोणिसाव्या शतकात या कामाला संस्थांचे बळ मिळाले. १८५४ साली पॅरिसमध्ये परदेशी प्राणी-वनस्पतींना नव्या हवामानात रुळवण्यासाठी एक सोसायटी निघाली. पाठोपाठ इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड येथेही तशा सोसायट्या झाल्या. मेलबर्नची १८६१ ची. यांत डॉक्टर, न्यायाधीश, वर्तमानपत्रांचे मालक असे प्रतिष्ठित लोक होते. त्यांची समजूत अशी की नव्या भूमीत निसर्गाने काही रकाने रिकामे सोडले आहेत आणि ते भरणे हे सुधारलेल्या माणसाचे काम आहे. शिवाय घरची ओढ होतीच. हजारो मैलांवर राहणाऱ्या इंग्रजाला सकाळी आपल्या गावचा चंडोल ऐकू यावा असे वाटे. उपयोग आणि आठवण ही दोन कारणे एकत्र आली की माणूस तिसऱ्या गोष्टीचा विचार करीत नाही.

मेलबर्नच्या भाजीपाल्याच्या मळ्यांतील कीड खाण्यासाठी १८६२ पासून साळुंक्या सोडण्यात आल्या. १८८३ मध्ये त्या उत्तरेकडील क्वीन्सलँडच्या उसात नेण्यात आल्या. आज तेथे तिला 'इंडियन मैना' म्हणतात आणि ते नाव कौतुकाने घेतले जात नाही. राजधानी कॅनबेरात तर २००६ पासून नागरिकांचा एक गट सापळे लावून तिला पकडण्याचे काम करतो. तक्रार अशी, की झाडांच्या ढोलीत घरटी करणाऱ्या तेथल्या पक्ष्यांना ती हुसकावून लावते. या तक्रारीत तथ्य असल्याचे तेथील पाहणीतही दिसून आले आहे. तरी एक गोष्ट खटकते. नेणाऱ्या सोसायटीचे नाव कोणाच्या तोंडी नाही. ज्या मुलखातून पक्षी नेला त्याचे नाव मात्र शिवीसारखे चिकटून राहिले. अमेरिकेतही तोच प्रकार. १८५१-५२ साली न्यूयॉर्कजवळ ब्रुकलिनमध्ये झाडांवरच्या अळ्या खाण्यासाठी चिमण्या आणून सोडल्या. पुढे त्या डोईजड झाल्या, तेव्हा लोकांनी त्यांना 'इंग्लिश चिमणी' म्हणून नावे ठेवली. आपण येथे २० मार्चला चिमणी दिन पाळून तिची वाट पाहतो, आणि तिकडे तिची घरटी काढून टाकतात.

हवाई बेटांचे उदाहरण मला सर्वांत विलक्षण वाटते. तेथे १८५८ मध्ये बागेची शोभा म्हणून घाणेरीचे झुडूप लावले गेले. पुढे १८६५ मध्ये डॉ. विल्यम हिलब्रँड यांनी कुरणांतील लष्करी अळीच्या नाशासाठी हिंदुस्थानातून साळुंक्या आणवल्या. दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे आल्या होत्या, पण त्यांची गाठ पडली. घाणेरीची काळी गोड फळे साळुंकीला आणि तेथे आणलेल्या होल्यांना आवडली, त्यांच्या विष्ठेतून बी डोंगरोडोंगरी गेले, आणि बागेतले झुडूप कुरणांचे तण बनले. मग १९०२ मध्ये घाणेरी खाणारे किडे शोधण्यासाठी मेक्सिकोत माणूस पाठवावा लागला. अळीसाठी पक्षी आणला, पक्ष्याने तण पसरवले, तणासाठी पुन्हा किडे आणले! सावकाराचे एक कर्ज फेडण्यासाठी दुसऱ्या सावकाराकडे जाण्याचाच हा प्रकार.

आता कावळ्याकडे वळू. १८९० च्या दशकात झांजीबार बेटावर हिंदुस्थानातून कावळे नेले गेले ते सफाई कामगार म्हणून. गावातला केरकचरा आणि मेलेली जनावरे यांची विल्हेवाट त्यांनी लावावी, ही अपेक्षा होती. त्याच सुमारास मलायातील क्लांग येथे श्रीलंकेतून कावळे गेले, कॉफीच्या मळ्यांतील अळ्यांसाठी. कावळ्याने काम केले, पण ठरल्या जागेवर थांबला नाही. झांजीबारहून तो समोरच्या किनाऱ्यावर गेला, आणि १९४७ मध्ये केनियातील मोंबासा बंदरात त्याची नोंद झाली. इतर पक्ष्यांची अंडी-पिल्ले, कोंबडीची पिल्ले, बाजारातले खाद्य, सगळ्यावर त्याचा डल्ला. अखेर केनियाच्या वन्यजीव खात्याने २०२४ मध्ये दहा लाख कावळे नष्ट करण्याचा बेत जाहीर केला. आपण पितृपक्षात ज्याची आर्जवे करतो त्याच पक्ष्याच्या नावाने एका देशाला मोहीम काढावी लागली!

कावळ्याच्या प्रसाराला आणखी एक वाट आहे, ती जहाजाची. बंदरात उभ्या असलेल्या जहाजावर तो अन्नासाठी बसतो, जहाज सुटते, खलाशी उष्टे टाकतात, आणि कावळा थेट दुसऱ्या खंडावर उतरतो. १९९४ मध्ये नेदरलँड्समधील हूक ऑफ हॉलंड या बंदरात असेच दोन कावळे दिसले आणि पुढे त्यांची वसाहत झाली. येथे कोणी पक्षी 'नेला' असे म्हणता येत नाही, पण तो स्वतःहून आला असेही म्हणता येत नाही. बिनतिकिटाचा प्रवासी म्हणावे, इतकेच.

तिसरी वाट पिंजऱ्याची. आपल्याकडचा लाल मुनिया हा गवतात राहणारा इवलासा पक्षी. त्याचे शास्त्रीय नाव 'अमांडावा' हे अहमदाबाद शहराच्या नावावरून आलेले आहे, कारण पूर्वी हे पक्षी त्या बाजूने परदेशी जात. पिंजऱ्यातून सुटलेले किंवा सोडलेले लाल मुनिया आज स्पेनमध्ये आणि फिजीमध्येही वाढतात. फिजीत लालबुड्या बुलबुल पोहोचला तो १९०३ च्या सुमारास, आणि तो हिंदी गिरमिटिया मजुरांबरोबर गेला असे मानले जाते. म्हणजे नेणारे सगळेच गोरे साहेब नव्हते. घरदार सोडून निघालेल्या गरीब माणसानेही एखादा पिंजरा बरोबर घेतला असेल तर त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

पोपटाची निर्यात मात्र निव्वळ धंदा होती. १९८४ ते २००७ या काळात आपल्या नेहमीच्या पोपटाच्या जातीचे जवळजवळ दीड लाख पक्षी युरोपात आयात झाल्याची नोंद आहे. लंडनच्या परिसरात हा पोपट १९६९ पासून मोकळ्यावर वीण करू लागला होता. आज ब्रिटनमध्ये त्याच्या सुमारे १२,००० जोड्या आहेत असा अंदाज आहे. युरोपातील पोपटांच्या आनुवंशिक तपासणीवरून २०१५ मध्ये असे दिसले की त्यांचे पूर्वज प्रामुख्याने पाकिस्तान व उत्तर भारत या भागांतले, म्हणजे तुलनेने थंड मुलखातले होते. लंडनचा हिवाळा त्यांनी कसा काढला, याचे उत्तर यात थोडेफार मिळते. भारताने १९९०-९१ पासून देशी रानपक्ष्यांच्या व्यापारावर बंदी घातली, आणि युरोपीय संघाने पक्षिज्वराच्या भीतीने २००५ मध्ये रानपक्ष्यांची आयात थांबवून २००७ मध्ये ती कायमची बंद केली. पण सुटलेले पोपट सुटले ते सुटलेच.

नेलेला प्रत्येक पक्षी रुजतो असे मात्र नाही. बहुतेक प्रयत्न फसले, पण फसलेल्याची आठवण कोण ठेवतो? युजीन शिफेलिन नावाच्या गृहस्थाने १८९० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये ६० स्टार्लिंग सोडले आणि पुढल्या वर्षी आणखी ४०. त्यांची संतती आज कोट्यवधींत आहे. शेक्सपिअरच्या नाटकांतील सर्व पक्षी अमेरिकेत असावेत या वेडापायी त्याने हे केले, अशी गोष्ट फार प्रसिद्ध आहे. गोष्ट सुरस असली तरी अलीकडे संशोधकांनी शोध घेतला तेव्हा तिला आधार सापडला नाही. याच काळात अमेरिकेत नाइटिंगेल आणि चंडोलही सोडले गेले होते. ते टिकले नाहीत.

मग टिकतो कोण? अभ्यासकांनी शेकडो उदाहरणे ताडून पाहिली, तेव्हा एक कारण सर्वांत ठळक दिसले: किती पक्षी सोडले आणि किती वेळा सोडले. दोन-चार सोडले तर एखादे वादळ, एखादे मांजर, किंवा सगळेच नर निघणे एवढ्याने खेळ संपतो. शंभर सोडले, पुन्हा सोडले, तर काही तरी तगतात. व्यापारी भाषेत सांगायचे तर प्रश्न भांडवलाचा आहे. दुसरे कारण स्वभावाचे. साळुंकी दाणा, किडा, फळ, उष्टी भाकरी, काहीही खाते. वळचणीला, भिंतीच्या भोकात, दिव्याच्या खांबावर, कोठेही संसार मांडते. ज्याने हजारो वर्षे माणसाच्या सावलीत काढली त्याला मेलबर्न काय आणि मोहोळ काय, सारखेच. जंगलातच राहणाऱ्या पक्ष्याला ते साधत नाही.

परका आणि देशी हा भेद राज्याच्या किंवा राष्ट्राच्या सरहद्दीवर ठरत नाही, हेही ध्यानात घ्यावे. आम्हां सरहद्दीवरच्या लोकांना हे चटकन पटेल. निंबर्ग्याची साळुंकी सकाळी कर्नाटकात व दुपारी महाराष्ट्रात चरली तरी ती दोन्हीकडे देशीच. उलट अंदमान भारतातच आहे, पण तेथे साळुंकी परकी आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी ती तेथे नेली, तशीच चिमणीही नेली. समुद्राच्या बेटावरचे पक्षी लाखो वर्षे एकांतात वाढलेले असतात आणि त्यांच्या ढोली मोजक्याच असतात. त्यामुळे परक्या पक्ष्याचा घाव बेटांना सर्वांत जास्त बसतो. सेशेल्समध्ये फ्रेगेट आणि डेनी या छोट्या बेटांवरून साळुंक्या पूर्णपणे काढून टाकण्यात आल्या, पण त्यासाठी वर्षानुवर्षे सापळे आणि बंदुका घेऊन माणसे ठेवावी लागली. बेट लहान होते म्हणून ते जमले. ऑस्ट्रेलियासारख्या खंडावर आता ते होणे नाही.

कोणता पक्षी कोठला हे ठरवायला जुन्या याद्या लागतात. याबाबतीत आपला भाग भाग्यवान म्हणावा लागेल. डॉ. सालिम अली यांनी १९३१-३२ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी केली होती, आणि गुलबर्गा व बिदर हे जिल्हे तेव्हा त्याच संस्थानात होते. उद्या आपल्या शिवारात एखादा अनोळखी पक्षी घरटे करताना दिसला, तर तुलनेसाठी हा जुना ताळेबंद हाताशी आहे.

आणि तशी वेळ येणारच नाही असे नाही. कलबुर्गी-सोलापूरच्या बाजारात 'लव्हबर्ड' म्हणून पिवळे-हिरवे-निळे पक्षी जोडीने विकले जातात. त्यांतले बहुतेक वास्तविक ऑस्ट्रेलियातील बजरीगर असतात. आपला देशी पोपट पाळायला कायद्याने मनाई आहे, त्यामुळे हौस परदेशी पक्ष्यांवर भागवली जाते. आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या परिशिष्टांत असलेले परदेशी जीव पाळणाऱ्यांनी त्यांची नोंदणी करावी, असा नियम केंद्र सरकारने २०२४ मध्ये केला. पण बजरीगर त्या परिशिष्टांत नाही, म्हणून त्याची मोजदादही नाही. कंटाळा आला किंवा दया आली म्हणून कोणी त्याला सोडून दिले, तर बहुधा दोन-तीन दिवसांत शिक्रा किंवा कावळा त्याचा निकाल लावतो. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर मात्र सुटलेले बजरीगर १९७० च्या दशकात हजारोंच्या संख्येने वाढले होते, आणि ते आता कायमचेच झाले असे लोक समजत होते. पुढे ते घटत घटत पार नाहीसे झाले. त्यांच्या घरट्यांच्या जागा बळकावल्या त्या चिमण्यांनी आणि स्टार्लिंगनी असा अभ्यासकांचा कयास आहे, आणि या दोघांनाही त्या देशात माणसानेच नेऊन सोडलेले होते.